बीजवाटपाच्या पुडीबरोबर चिठ्ठी हवीच : एका कडू दुधीची हकिकत

ओसरी

पुण्यातील आमच्या सोसायटीत गेली चार वर्षे गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी बियाण्यांची देवाणघेवाण होते. वाहनतळात दोन टेबले मांडायची, ज्याने जे बी राखले असेल ते त्याने आणायचे आणि ज्याला जे हवे ते त्याने न्यायचे, एवढा साधा व्यवहार आहे. यंदाची तयारी सुरू करण्यापूर्वी गेल्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक बागकामाच्या या चर्चामंचावर सविस्तर लिहितो आहे, कारण तिचा उलगडा झाल्याशिवाय पुन्हा त्या टेबलामागे उभे राहण्याचा मला धीर होत नाही.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात गच्चीवरील ड्रममध्ये लावलेल्या वेलाला अकरा दुधी आले. चव उत्तम होती. त्यांतील सर्वांत भरदार एक बियाण्यासाठी वेलावरच राखला, तो पूर्ण वाळून खुळखुळू लागल्यावर करवतीने कापला, बिया सावलीत वाळवल्या आणि पाडव्याला नऊ घरांना प्रत्येकी पाच याप्रमाणे वाटल्या. त्यांपैकी सहा घरांत वेल वाढले. जूनमध्ये तीन घरांतून एकच निरोप आला : दुधी कडूजहर आहे. एका काकूंनी चिरण्यापूर्वी चकती जिभेला लावून पाहिली म्हणून बरे, कारण त्यांच्या घरी सकाळी दुधीचा रस घेण्याचा नेम आहे.

माझ्या स्वतःच्या फळात कडूपणाचा लवलेशही नव्हता. मग त्याच फळातील बी कडू कसे निघाले? पाणी कमी पडल्यामुळे असे होते का, आणि तसे असेल तर तिन्ही घरी एकाच वेळी कसे पडले?

सातेरी

पाण्याच्या ताणाने काकडीवर्गीय फळांत थोडा कडवटपणा येऊ शकतो, परंतु तुम्ही वर्णन केलेला प्रकार संकराचा वाटतो. दुधीच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असतात, आणि मादीफुलाच्या मागे बोटभर इवलासा दुधी आधीपासूनच दिसतो. त्या फुलावर पराग कोणत्या वेलावरून येईल हे आपल्या हातात नसते. दुधीचे फूल पांढरे असते, ते संध्याकाळी उमलते आणि रात्रीचे पतंग त्यावर येतात, त्यामुळे आपण गच्चीवर उभे राहून मधमाश्या पाहिल्या तरी खरा व्यवहार आपण झोपल्यावर झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा. फळाचा गर हा आईवेलाचा भाग असतो, म्हणून पराग कडू वेलावरून आला तरी त्या वर्षीचे फळ गोडच लागते. संकर झालेला असतो तो आतल्या बीमध्ये, आणि ते बी पेरून पुढचे फळ धरेपर्यंत तो दिसत नाही. शिवाय एका फळात शेकडो बिया असतात आणि सगळ्यांचा पराग एकाच वेलावरचा असेल असे नाही, म्हणून सहांपैकी तीन घरी गोड आणि तीन घरी कडू हेही त्यात बसते. तुमच्या जवळपास कोणीतरी कडू भोपळा लावला होता का, याची चौकशी करावी.

आणि कृपया त्या बियांचे वेल अजून कोणाकडे उरले असतील तर ते उपटून टाकायला सांगा. हा कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्यांमुळे येतो आणि ती शिजवूनही जात नाहीत. कडू दुधीच्या रसाने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी इथपर्यंत वेळ येते आणि माणसे दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू लागलेला रस पिऊ नये असेच सांगितले आहे. आपल्याकडे दुधी, काकडी आणि दोडका चिरण्यापूर्वी चाखायची जी पद्धत आहे ती केवळ सवय नव्हे.

बांधावरचा

आमचा गाव पंढरपूरच्या बाजूचा. आमच्याकडे कडू भोपळा मुद्दाम लावतात, कारण मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला लागणारे भोपळे याच पट्ट्यातून जातात. जमिनीवर पसरलेला वेल, आणि एकेक भोपळा दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा. खाण्याचा दुधी आणि हा भोपळा दिसायला अगदी निराळे असले, तरी वनस्पतीची जात एकच, म्हणून त्यांचा संकर अगदी सहज होतो. आमच्याकडची जुनी माणसे भोपळ्याच्या शिवाराजवळ धरलेल्या दुधीचे बी कधीच राखत नसत. कारण विचारले तर ‘बाटतं’ एवढेच सांगत.

अर्थात पुण्यात तुमच्या गच्चीशेजारी तंबोऱ्याचा भोपळा कुठून येणार, हा प्रश्न राहतोच.

ओसरी

आला होता. तुमचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी मागच्या इमारतीत जाऊन आलो. तेथील एक गृहस्थ तुंब्यांना, म्हणजे वाळलेल्या कडू भोपळ्यांना, नक्षीची छिद्रे पाडून त्यांचे दिवे बनवतात, आणि त्यांनी त्याच पावसाळ्यात हौसेने चार वेल गच्चीच्या जाळीवर चढवले होते. माझा ड्रम आणि त्यांची जाळी यांत फार तर साठ मीटर अंतर असेल. त्यांनी मला एक दिवा भेट दिला. तो आता माझ्या टेबलावर आहे आणि मी त्याच्याकडे थोड्या संशयानेच पाहतो आहे.

सातेरी

साठ मीटर म्हणजे काहीच नाही. प्रमाणित बियाण्याच्या नियमांत दुधीसारख्या वेलवर्गीय पिकांच्या दोन वाणांत 500 मीटर अंतर राखावे लागते, टोमॅटोला 25 मीटर पुरतात आणि घेवडा-चवळीला तर अवघे 5 मीटर. या तीन आकड्यांतच शहरातील बीजवाटपाचे सगळे गणित आले. टोमॅटो, घेवडा, चवळी, गवार, वाटाणा आणि मेथी यांचे फलन बहुतेक आपल्याच फुलात होते, म्हणून त्यांचे बी निर्धास्त राखावे आणि निर्धास्त वाटावे. मिरची, वांगी आणि भेंडी मधल्या गटात येतात, कारण मधमाश्या त्यांत बऱ्यापैकी मिसळ करतात. तिखट मिरचीच्या शेजारी भोपळी मिरची लावली असेल तर त्या वर्षी दोहोंचेही बी राखू नये. वेलवर्गीय, मुळा, मोहरी आणि माठ यांचे बी मात्र विशेष काळजी घेतली नसेल तर वाटूच नये, अशा मताची मी आहे. माठाचा पराग तर वाऱ्याबरोबर जातो.

ती काळजी घरी घेता येते. दुधीचे जे मादीफूल आज संध्याकाळी उमलणार असे दिसते त्यावर दुपारीच मलमलीची पिशवी बांधावी, एका नरफुलाच्या कळीवरही बांधावी. दिवेलागणीला दोन्ही उघडून नरफुलाच्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. पिशवी पुन्हा बांधून दुसऱ्या दिवशी फूल कोमेजल्यावरच काढावी आणि त्या देठाला रंगीत दोरा बांधावा. बी राखायचे ते फक्त दोऱ्याच्या फळाचे. दोडका संध्याकाळी आणि घोसाळे पहाटे उमलते, तेव्हा त्यांची वेळ त्याप्रमाणे धरावी. त्या दोघांचाही आपसात संकर होऊ शकतो.

नवी_गच्ची

मी पहिल्यांदाच बाग करते आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. गेल्या वर्षी दुकानातून आणलेली काकडी आणि टोमॅटोची पाकिटे अर्धी उरली आहेत. ती वाटपात दिली तर चालतील का? आणि त्यांच्या टोमॅटोचे बी मी राखले तर पुढच्या वर्षी तसेच टोमॅटो येतील का?

बांधावरचा

ताई, पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-1’ लिहिले असेल तर त्याच्या फळाचे बी राखून उपयोग नाही. उगवेल, फळेही येतील, पण एका झाडाचे टोमॅटो लांबट तर दुसऱ्याचे गोल, असा कारभार होईल. स्वतःच्या कुंडीत हौस म्हणून लावायला हरकत नाही, दुसऱ्याला देऊ नये. ‘सरळ वाण’ किंवा गावरान असेल तर बी खुशाल राखा.

उरलेले पाकीट देता येते, मात्र मूळ पाकिटासकट द्या. बियांना गुलाबी किंवा हिरवा रंग असेल तर ते बुरशीनाशक लावलेले बी आहे. ते सुट्या पुडीत घालून स्वयंपाकघरात ठेवले आणि कोणी धण्याचे किंवा मेथीचे बी म्हणून फोडणीत टाकले, तर नसती आफत ओढवेल.

ओसरी

माझ्या चुकीचे मूळ आता माझ्या लक्षात येते आहे. परागाला दोष देऊन उपयोग नाही. मी नऊ पुड्यांवर फक्त ‘दुधी’ एवढाच शब्द लिहिला होता. ते बी कोठून आले, कोणत्या वर्षीचे, शेजारी काय होते, फूल झाकले होते की नाही, यांपैकी काहीही त्यावर नव्हते, आणि खरे म्हणजे मला स्वतःलाही ते कोणी विचारले नव्हते. घेणाऱ्याला पुडीवर ‘उघडे फलन’ एवढे दोन शब्द दिसले असते, तरी त्याने पहिले फळ चाखून पाहिले असते.

म्हणून यंदा पुडीमागे एक चिठ्ठी सक्तीची करावी असे ठरवतो आहे. चिठ्ठीवर नेमके काय असावे?

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो. येथे मेच्या मध्यापर्यंत पहाटेच्या दहिवराची धास्ती असते, म्हणून आमची पेरणी मार्चमध्ये खिडकीशी, छोट्या कपांत होते. तुमच्या चिठ्ठीच्या प्रश्नाचे उत्तर मला एका अनपेक्षित ठिकाणी मिळाले. भारतातून गवार आणि वालाचे बी आणायचे म्हणून अमेरिकी कृषी खात्याचे नियम पाहिले, तेव्हा कळले की घरगुती प्रमाणात बी आणण्यासाठी एक परवाना मिळतो. त्यात एका पाकिटात एका जातीच्या जास्तीत जास्त 50 बिया आणि एका खेपेत जास्तीत जास्त 50 पाकिटे अशी मर्यादा आहे. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव, मूळ देश आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहावे लागते, औषध लावलेले बी चालत नाही, आणि विमानतळावर ते आपणहून जाहीर करावे लागते. आईने साडीच्या घडीत सरकवलेली पुडी मला एकदा कस्टमच्या टेबलावर सोडून द्यावी लागली आहे, म्हणून हे मन लावून वाचले.

शास्त्रीय नावाची अट मला आधी जाचक वाटली होती. परंतु ‘पावटा’, ‘वाल’ आणि ‘घेवडा’ या शब्दांनी माझी नागपूरची मावशी, पुण्याची आई आणि अलिबागची सासू तीन वेगवेगळ्या शेंगा दाखवतात, हे आठवल्यावर ती पटली.

तवसे

चिठ्ठीवर स्थानिक नावही अवश्य लिहावे, केवळ शास्त्रीय नाव नको. आमच्या दक्षिण कोकणात मोठ्या काकडीला तवसे म्हणतात आणि ‘काकडी’ म्हणून दिलेल्या पुडीतून हातभर लांब, पिवळे पडणारे तवसे निघाले तर शहरातल्या माणसाला फसवल्यासारखे वाटते.

माझी आजी तवशाचे बी राखेत कालवून स्वयंपाकघराच्या भिंतीला, चुलीच्या वरच्या अंगाला थापत असे. धुराने कीड लागत नसे, राखेने ओल शोषली जात असे, आणि कोणते बी कोणत्या परसातले हे तिला भिंतीवरच्या जागेवरून कळे. दाराकडचे तिच्या माहेरचे, खिडकीकडचे जावेने दिलेले. ती गेल्यानंतर पुढच्या वर्षी भिंतीवर सगळे बी तसेच होते, परंतु कोणते कोणाचे हे सांगणारे कोणी उरले नव्हते. आम्ही ते सरसकट पेरले.

हडसनकाठ

तुमच्या आजीची भिंत डोळ्यांसमोर उभी राहिली.

सातेरी

चिठ्ठीवर पाच गोष्टी पुरेत : स्थानिक नाव, बी धरल्याचा महिना आणि वर्ष, गाव किंवा वस्ती, फलन उघडे की झाकलेले, आणि उगवण. पहिल्या चार गोष्टी आठवणीने लिहिता येतात, पाचवी करून पाहावी लागते. ओल्या सुती फडक्यात दहा बिया गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, फडके वाळू देऊ नये. चवळी-गवारीला चार-पाच दिवस, टोमॅटो-मिरचीला आठ ते दहा, दुधी-कारल्याला त्याहून थोडे अधिक द्यावेत. सातांपेक्षा कमी बियांना कोंब आले तर ते बी वाटपात न देता स्वतः दाट पेरून संपवावे. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरताना दसऱ्याला कोणते तरारून वर आले हे पाहणे, हाही एका परीने उगवणीचा अंदाजच असतो. आपण फक्त तो हिशेबाने करायचा.

साठवणीबाबत थोडेसे. बी उष्णतेपेक्षाही ओलीने लवकर मरते. सदनिकेत चूल नाही आणि राखही नाही, म्हणून मी काचेच्या बरणीच्या तळाशी कोरडे भाजून पूर्ण गार केलेले तांदूळ दोन बोटे घालते, वर बियांच्या कागदी पुड्या ठेवते आणि बरणी घट्ट बंद करून शीतकपाटात ठेवते. नीट न वाळवलेले बी मात्र बरणीत कोंडू नये, ते आतल्या आत कुजते. वाळलेली बी दाताखाली वाकत नाही, कट्कन तुटते, ही खूण पुरे. कांद्याचे बी वर्षभरातच म्हातारे होते, टोमॅटो आणि वेलवर्गीय यांचे तीन-चार वर्षे सहज टिकते.

संत्रानगर

नागपूरकरांसाठी एक सूचना जोडतो. चैत्रात पुण्याच्या पाठोपाठ आम्हीही उत्साहाने टोमॅटोची रोपे लावतो आणि एप्रिल-मेच्या 40 अंशांपुढच्या उन्हात सगळी फुले गळून पडतात. झाड जगते, फळ धरत नाही. त्यामुळे आमच्याकडे पाडवा हा टोमॅटो लावण्याचा नव्हे, तर हिवाळी टोमॅटोचे बी काढण्याचा मुहूर्त समजावा. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट पेल्यात काढून दोन-तीन दिवस तसाच ठेवावा. वास येतो, वर पांढरी साय धरते, त्याला घाबरू नये, कारण बीभोवतीचे बुळबुळीत आवरण त्यातच सुटते. मग पाणी घालून ढवळावे, तरंगणारे टाकून द्यावे, तळाशी बसलेल्या बिया धुऊन ताटलीत वाळवाव्यात. कागदावर वाळवल्यास त्या चिकटून बसतात, हे मी अनुभवाने सांगतो.

लावायचेच असेल तर भेंडी, गवार, चवळी, चुका आणि माठ लावावेत, दुपारी हिरव्या जाळीची सावली द्यावी आणि कुंडीत मातीवर चार बोटे वाळक्या पानांचे आच्छादन घालावे. पाणी निम्म्याने कमी लागते, असा माझा दोन उन्हाळ्यांचा अनुभव आहे.

नवी_गच्ची

वाळकी पाने कोठून आणावीत? आमच्या आवारात झाडलोट झाली की माळीकाका त्यांचा ढीग करून पेटवून देतात.

ओसरी

तोच ढीग मागून घ्या. माघ-फाल्गुनात पिंपळ, शिरीष आणि बदाम यांची पानगळ होते आणि वर्षभराची बेगमी त्या पाच-सहा आठवड्यांतच करून ठेवावी लागते. उघड्यावर पालापाचोळा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच मनाई करून 5000 रुपये दंड ठरवला आहे. मात्र माळीकाकांना दंडाचा धाक दाखवण्यापेक्षा चार रिकामी पोती दिली तर काम लवकर होते. आमच्याकडे तसेच झाले. पोत्यांत पाने दाबून भरायची, थोडे ताक घातलेले पाणी शिंपडायचे, पोत्याला चार भोके पाडून सावलीत ठेवायचे आणि दर पंधरवड्याला ओल पाहायची. स्वयंपाकघरातील ओला कचरा घालायचा असेल तर एक वाटी कचऱ्याला तीन वाट्या पाने असे प्रमाण ठेवावे, म्हणजे घाण वास येत नाही. मोठ्या पानांचे खत व्हायला पुढचा पाडवा उजाडतो, पण बी पेरायला त्याच्यासारखी भुसभुशीत माती विकतही मिळत नाही. पेरणीसाठी कोकोपीट घ्यायचेच असेल तर दोनदा धुऊन घ्यावे, त्यात क्षार असू शकतात.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने शहरातल्या पालापाचोळ्याकडे आणि गच्चीतल्या उन्हाकडे संपत्ती म्हणून पाहायला कित्येक वर्षांपूर्वी शिकवले. एकाने करून पाहायचे आणि जे घडले ते, फसले तरी, बाकीच्यांना पत्राने कळवायचे, ही त्यांची रीत होती. माझा हा धागा त्याच वाटेवरचा समजावा.

संत्रानगर

मनात एक शंका आहे. अशा वाटपाला बियाणे कायद्याची काही अडचण येत नाही ना?

बांधावरचा

शेतकऱ्याला नाही. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे आणि त्याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. मनाई आहे ती संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पिशवीत घालून विकायला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या घरात गावरान वाणांची जी बँक उभी केली आणि ज्यासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला, ती याच देवाणघेवाणीवर उभी आहे. तुमच्या वाहनतळातल्या टेबलावर तर पैशाचाही व्यवहार नाही.

मात्र एक रीत तुम्हीही पाळावी. गावोगावच्या बीज बँकांत घेतलेल्या बियाण्याच्या दुप्पट पुढच्या हंगामात परत करण्याचा प्रघात आहे. शहरात दुप्पट राहू द्या, पण बी घेणाऱ्याने हंगाम संपल्यावर काय झाले ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून परत आणावे. उगवले नाही, कडू निघाले, मावा पडला, जे असेल ते.

ओसरी

चिठ्ठीची मागची बाजू हे फारच उत्तम सुचवलेत. आज संध्याकाळी बसून पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या दीडशे चिठ्ठ्या कापल्या. पुढे सातेरीताईंच्या पाच ओळी, मागे कोरी जागा. वेलवर्गीयांसाठी वेगळे टेबल मांडणार आहे आणि त्यावर फक्त दोऱ्याच्या फळाचे बी ठेवणार आहे, म्हणजे यंदा ते टेबल जवळजवळ रिकामेच राहील. दिवे बनवणाऱ्या गृहस्थांनी यंदा तुंब्याचा एकच वेल लावून त्याची फळे तेवढी दिव्यांसाठी घ्यायची आणि बी कोणालाही द्यायचे नाही, असे आपणहून कबूल केले आहे. मी मात्र यंदा दुधी न लावता घोसाळे लावणार आहे. पहाटे साडेपाचला फुलांच्या पिशव्या उघडायला स्वतःला उठवण्याचे काम बायकोने माझ्यावरच सोपवले आहे.

माझ्याकडे चवळीचे (लाल, बुटकी, बी गेल्या नोव्हेंबरचे, दहांतून नऊ उगवले) अंदाजे दोन वाट्या बी आहे. कोणाला हवे असल्यास सांगावे.

तवसे

मला वीस दाणे पुरतील. चिठ्ठीसकट पाठवावेत.